वेढे मोजताना

आमच्या गल्लीतून जनाजा निघाला की यंत्रमाग बंद होतात. हा काही कायदा नाही. नवीन आलेल्या कारागिराला कुणी समजावूनही सांगत नाही, पहिल्या मयतीला तो आपोआप शिकतो. जनाजा दिसला की जवळच्या शेडवाल्याने मेन स्विच खाली करायचा, मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला मागांचा खडखडाट ऐकूच येत नाही, तो थांबला की मात्र कानाला काहीतरी झाल्यासारखं वाटतं. आमच्याकडे मरणाची बातमी घरात बसलेल्या बायकांना अशीच कळते.

जनाजा नाक्यावर वळला की सगळे मेन एकदम वर जातात, आणि मग सुरू होतो तो गोंधळ. सगळ्या शेडमधल्या सगळ्या मोटारींना एकाच वेळी करंट हवा असतो. गल्लीतले दिवे पिवळे पडतात. एखादी जुनी मोटार उचलतच नाही, नुसती घुमत राहते, आणि थोड्या वेळाने जळक्या वार्निशचा वास येतो. ती मोटार मग माजिदा खालाकडे जायची.

माजिदा खाला म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, आम्ही तिला मावशी मानायचो. तिच्या नवऱ्याचं, तौहीद खालूंचं, मोटार वाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. पाटी खालूंच्या नावाची, पण त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून तार भरायची ती खालाच. जळलेली तार काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा, आणि नवीन तांब्याची तार साच्यावर गुंडाळायची, वेढे मोजत. वेढे मोजत असताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मोजणी चुकली तर मोटार आठवडाभरात परत यायची, आणि खालाला स्वतःचं काम परत आलेलं खपत नसे. लहानपणी मी मध्ये बोलले म्हणून तिने एकदा मला मोजपट्टी फेकून मारली होती. रमशाला कधी मारली नाही, कारण रमशा बोलायचीच नाही. ती समोर बसून मनातल्या मनात सोबत मोजायची.

रमशा माझी धाकटी बहीण. आमची अम्मी गेली तेव्हा ती इतकी लहान होती की तिला अम्मीचा चेहरा फोटोतूनच माहीत. शाळा सुटली की दप्तर खालाकडे, जेवण खालाकडे, ताप आला की खालाकडे. मी मोठी होते, मी अब्बांच्या घरात वाढले. रमशा त्या तांब्याच्या तारेत वाढली असं म्हटलं तरी चालेल. पुढे तिने इलेक्ट्रिकलची इंजिनिअरिंग केली, आणि मग मुंबईच्या एका संस्थेत संशोधन. मी शाळेत गणित शिकवते, पण तिचे कागद मला कळत नाहीत. जेवढं कळलं तेवढं सांगते.

आमच्याकडच्या मोटारी गरजेपेक्षा फार जास्त वीज खातात. माग थांबलेला असला तरी मोटार फिरतच राहते, आणि सुरू होताना ती हावरटासारखा करंट ओढते. रमशाने मोटार आणि लाइन यांच्यामध्ये बसणारी एक पेटी बनवली. तिच्या भाषेत ड्राइव्ह. गल्लीत तिला रमशाची पेटीच म्हणत. ती मोटारीला लागेल तेवढंच देते, हळूहळू उचलते, आणि शेडमधले सगळे माग एकदम सुरू न करता एकामागून एक सुरू करते. सोबत नव्या पद्धतीची मोटार आणि छपरावर सौर पॅनेल. लोकांना वाटायचं हे तिला परदेशातल्या पुस्तकातून सुचलं. मला माहीत आहे, ते जनाज्यानंतर पिवळ्या पडणाऱ्या दिव्यांवरून सुचलं.

तिच्या पहिल्या निबंधात तिने लिहिलं होतं की जळून पुन्हा भरलेली मोटार पहिल्यासारखी राहत नाही, दर भरणीला थोडी जास्त वीज खाते, आणि भिवंडीतली वीज वाया जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. ते तिने खालाला मराठीत करून वाचून दाखवलं. दाखवलं नसतं तर मी तिला जाब विचारला असता. खालाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरं आहे. माझं नाव तर नाही ना घातलंस?" मग दोघी हसल्या, पण रमशा त्या दिवशी नीट जेवली नाही.

आता शेडबद्दल. आमचे अब्बा, मोहिउद्दीन, यांची शेड त्यांच्या वडिलांपासूनची. धंदा कधीचाच बसला होता. आजूबाजूच्या शेड एकेक करून भंगारात जात होत्या आणि जागेवर गोदामं उभी राहत होती. कशेळीचा एक गोदामवाला अब्बांच्या मागे लागला होता. अब्बांनी त्याला थोपवून धरलं होतं ते रमशाच्या भरवशावर. सरकारी योजनेची एक समिती तिच्या पेटीची चाचणी मान्य करणार होती. मान्य झाली तर आमच्या शेडपासून सुरुवात करून सगळ्या गल्लीला तशा मोटारी मिळणार होत्या, आणि मग अब्बा गोदामवाल्याला नाही म्हणणार होते. नाही झाली तर शेड जाणार होती. हे घरात सगळ्यांना स्वच्छ माहीत होतं, आणि म्हणून कुणी बोलत नव्हतं.

चाचणी आमच्याच शेडमध्ये होती. अट अशी होती, शनिवारी सकाळी सुरू केलेले माग गुरुवारी संध्याकाळपर्यंत सलग चालले पाहिजेत, दोन्ही शिफ्टमध्ये. शुक्रवारी गावाचीच सुट्टी. लाइनवरून वीज गेली तर ती सूट, पण हाताने बंद केले तर चाचणी बाद. मी म्हटलं, या समितीतल्या एकाने तरी माग पाहिलाय का? रमशा म्हणाली, अट बरोबर आहे, सलग चालवल्याशिवाय मोटार किती तापते ते कळत नाही, ती स्वतः समितीत असती तर तिनेही हीच अट घातली असती. पहिली खेप कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे वाया गेली होती. ही दुसरी, आणि यंदाची शेवटची.

खालाला छातीचा त्रास होताच. सोमवारी तो वाढला. मंगळवारी अब्बा तिला बघायला गेले तेव्हा तिने त्यांना जवळ बसवून सांगितलं की तिचं काही बरंवाईट झालं तर शेड बंद करायची नाही. तौहीद खालू तिथेच होते. त्यांनीही होकाराची मान हलवली. बुधवारी पहाटे, फजरच्या नमाजाच्या वेळेला, खाला गेली.

आम्हा दोघींना लहानपणी न्हाऊ घालणारी बाई ती. तिला आम्ही दोघींनी न्हाऊ घातलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर तारेचे बारीक चरे होते, वार्निशने काळे झालेले. रमशा ते धूत राहिली. ते निघणारे नव्हते, हे तिलाही कळत होतं. शेवटी गुसल देणाऱ्या बाईने तिचा हात बाजूला केला.

दुपारी जोहरच्या नमाजानंतर जनाजा उचलला. पुरुष निघाले, बायका मागे रडत राहिल्या, आणि माझ्या लक्षात आलं की रमशा घरात नाही. मी चादर सावरत मागच्या बोळाने शेडमध्ये गेले. ती आत मेनच्या पेटीजवळ भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे होते. माग जोरात चालले होते. अब्बा खांदा द्यायला जाताना किशनला बजावून गेले होते की कुणीही आलं, काहीही म्हणालं, तरी मेनला हात लावायचा नाही. किशन दिघाशीचा, आमच्याकडचा सगळ्यात जुना कारागीर. अब्बांचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता.

मी रमशाला ओरडून सांगितलं की घरी चल. तिथे ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. तिने नाही म्हणून मान हलवली. मग मला जाणवलं की ओरडायची गरज कमी कमी होत चालली आहे. गल्लीच्या आतल्या टोकाकडून माग बंद होत येत होते. एक शेड गेली, दुसरी गेली. शेजारच्या ओसामाची शेड थांबली तेव्हा आमच्या भिंतीची थरथर अर्धी झाली. आणि मग राहिले फक्त आमचे. इतके माग आमच्याकडे आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो आवाज मला लाजिरवाणा वाटला, दुसरा शब्द नाही. बाहेर कलमा पढत येणाऱ्या माणसांचे आवाज त्यात बुडून जात होते.

किशन त्याच्या मागावरून आमच्याकडे बघत होता. दुसरे कारागीर त्याच्याकडे बघत होते. तो जवळ आला.

"ताई, बाकीचे समदे गप झाले. आपलंच चालू हाय."

रमशा म्हणाली, माहीत आहे.

"मालक म्हनले बंद न्हाय करायचं. मी न्हाय करत. पन तुमी सांगा, तिला ऐकू जात आसंल का?"

मी रमशाकडे पाहिलं. मला वाटलं मी काहीतरी बोलावं, मोठी बहीण आहे. पण काय बोलणार? शेड आमची, संशोधन तिचं, इच्छा खालाची. बंद करू नको म्हणणं मला जमलं नाही आणि बंद कर म्हणायचा मला हक्क नव्हता. ती भिंतीपासून सुटली, मेनचा लाल दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.

माग असे झटकन थांबत नाहीत, आडवा धागा नेणारे धोटे एकदोनदा इकडून तिकडे जातात आणि मग राहतात. शेवटचा धोटा थांबला तेव्हा बाहेरचे आवाज एकदम आत आले. दारासमोरूनच जनाजा चालला होता. फटीतून मला अब्बांची टोपी दिसली. ते खांदा देत होते, आणि त्यांनी मान वळवून शेडकडे पाहिलं. तेवढ्यात माणसं पुढे सरकली.

रमशा तिथेच खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. किशनने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. आम्ही तसेच राहिलो, जनाजा नाक्यावर वळेपर्यंत.

मग मेन वर करायचा होता. रमशा उठली, तिनेच केला. तिच्या पेट्यांनी एकेक माग उचलला, पहिला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. आमच्या मोटारींपायी एकही दिवा मंदावला नाही. इतकी वर्षं ज्यासाठी राबली ते सगळं अगदी तिने सांगितल्यासारखं झालं, आणि बघायला आम्ही दोघी, किशन आणि आमचे कारागीर. तेवढ्यात गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापले मेन चढवले. दिवे पिवळे पडले, आणि ओसामाच्या भिंतीपलीकडून तो वास आला.

अब्बा कब्रस्तानातून परतले ते थेट शेडमध्ये. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तिचा शब्द होता, बेटा. मी दिलेला होता. गल्लीच्या शिव्या मी खाल्ल्या असत्या, माझ्या वयाला काय फरक पडतो?" रमशा म्हणाली की तिला ते जमलं नाही. अब्बा थोडा वेळ मागांमधून फिरले, एका मागावर हात ठेवला, काढला, आणि घरी निघून गेले.

संध्याकाळी असरच्या नमाजानंतर आम्ही पुन्हा खालाकडे बसलो होतो. बायका कुराणाचे सिपारे वाचत होत्या. तौहीद खालू आत आले आणि रमशाला बोलावलं. ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. ती माफी मागायला लागली, खालाचं शेवटचं मागणं मोडलं म्हणून. खालूंनी थरथरता हात वर करून तिला थांबवलं.

"माजिदाने सांगितलं होतं बंद करू नका, आणि मी होय म्हणालो होतो. पण खांदा देऊन चालत होतो ना, तेव्हा माझे कान तुमच्या शेडकडेच होते. थांबले तेव्हा मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं."

एवढं बोलून ते बाहेर गेले. रमशा परत येऊन माझ्याशेजारी बसली. सिपारा उघडला, पण पान उलटलं नाही.

आणि तेव्हाच ओसामा आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली मोटार. दुपारी त्याने स्वतः खालाला खांदा दिला होता, कबरीत माती लोटली होती. तिथून शेडवर गेला, जळलेली मोटार पाहिली, खोलून काढली, खांद्यावर टाकली आणि नेहमीच्या वाटेने चालत आला. उंबऱ्याशी उभं राहून त्याने नेहमीसारखी हाक मारली.

"खाला, आहेस का गं?"

आतलं सगळं वाचन थांबलं. ओसामाला मग कळलं. चाळिशीचा माणूस, तीन पोरांचा बाप, तो मोटार खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. खालीही ठेवेना, परतही जाईना. तोंड पोरासारखं वेडंवाकडं झालं. खरं सांगायचं तर गल्लीतल्या कुणाचंही असंच झालं असतं, मयत झाली की मोटार जळते, आणि जळलेली मोटार खालाकडे जाते, पायांना दुसरी वाटच माहीत नाही.

रमशा उठली. त्याच्या खांद्यावरून तिने मोटार उतरवून घेतली, पुढच्या खोलीत नेली आणि खालाच्या पाटासमोर ठेवली. त्याला म्हणाली, शनिवारी घेऊन जा.

शेडचं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. रमशाने समितीला खरं ते कळवलं, शेजारी मयत होती म्हणून मी हाताने बंद केले. मी तिला म्हटलं होतं, लाइन गेली असं लिही, कोण बघायला येतंय. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पुन्हा विषय काढला नाही. समितीने सभ्य भाषेत दुःख व्यक्त केलं आणि पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणून सांगितलं. अब्बांनी कशेळीच्या गोदामवाल्याला फोन केला. बकरी ईदच्या आधी माग भंगारात वजनावर गेले. किशन आता त्याच रस्त्यावर एका गोदामात माल चढवतो. रमशाने पुन्हा अर्ज केला आहे, चाचणीसाठी ओसामाने आपली शेड देऊ केली आहे. होईल, न होईल. आमच्या शेडला त्याचा काही उपयोग नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या शुक्रवारचं. खालाची तिसऱ्या दिवसाची जियारत होती. सुट्टीमुळे गल्लीत एकही माग चालत नव्हता. रमशा पहाटेपासून दिसली नव्हती, म्हणून जेवायला बोलवायला मी समोर गेले. पुढच्या खोलीत ती खालाच्या पाटावर बसली होती. गुरुवारी तिने जळकी तार काढून खाचा साफ केल्या होत्या. आता साच्यावर नवीन तार चढत होती. जी मोटार पहिल्यासारखी राहत नाही असं तिने सगळ्या जगाला सिद्ध करून दाखवलं, तीच ती भरत होती. डाव्या हाताने तार ताणून धरलेली, उजव्याने साचा फिरवत, खालासारखीच किंचित पुढे झुकून. ओठ हलत होते. तार बोटाला कापत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. दाराशी तौहीद खालू स्टुलावर बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मागून ओसामा आला, अब्बाही आले. सगळे उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

ती वेढे मोजत होती, म्हणून कुणी तिच्याशी बोललं नाही.